थोरली काचेत, धाकटी टेकडीवर

मी एक जुनी राखीव सर्व्हर आहे. मित्रांनो, 'राखीव' म्हटल्यावर तुम्हाला मैदानाबाहेर बाकावर बसलेला खेळाडू आठवला असेल. तसे समजा हवे तर. पण त्या खेळाडूला निदान पाणी द्यायला तरी मैदानात बोलावतात. मला ज्यांनी विकत घेतले, त्यांना मी कोणत्या खोलीत आहे हेदेखील धड सांगता आले नसते.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका आमच्या पोटात एकेक चकती, एकेक पट्टी बसवत. ज्या बाईने मला घडवले, तिने झाकण लावण्यापूर्वी मऊ ब्रशने माझा कानाकोपरा झटकला. पुढे आयुष्यात इतक्या मायेने माझी धूळ कुणी झटकली नाही, म्हणून ती अजून आठवते. त्याच टेबलावर माझी बहीण घडत होती. मापाने, ताकदीने, रंगाने आम्ही एकसारख्या. तिचे झाकण आधी लागले, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. जगात मोठेपणा किती स्वस्तात मिळतो, हे मला त्याच दिवशी कळायला हवे होते.

आम्हा दोघींना एका रक्तपेढीने घेतले. रक्तपेढी म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. माणसे येतात, रक्त देऊन जातात. ते पिशव्यांमध्ये थंड ठेवतात आणि ज्याला गरज असेल त्याला देतात. पण कुणाचेही रक्त कुणालाही चालत नाही. कोणाला कोणते चालते, कोणाला कोणते मुळीच देऊ नये, हे सगळे लक्षात ठेवण्याचे काम आमचे होते. तिथे एक चूक झाली, तर औषध म्हणून दिलेले रक्त विष होते.

आमची जोडी लावायला एक जोडणीवाली बाई आली होती. खांद्याला पिशवी, कानामागे पेचकस, आणि बोलणे असे की समोरच्याने ऐकलेच पाहिजे. पण समोर होते फीतसाहेब. पेढीचे व्यवस्थापक. नव्या नळाचे जरी उद्घाटन असले तरी त्यांना फीत कापायला लागे, म्हणून सगळी पेढी त्यांना पाठीमागे याच नावाने ओळखत असे.

"साहेब, ह्या दोघींना एका छपराखाली ठेवायचं नाही," जोडणीवाली म्हणाली. "एक आग लागली, एक नळ फुटला, तर दोघी एकदम जातील. थोरली इथं, धाकटी लांब. थोरली जे लिहील ते त्याच क्षणी धाकटीकडे उतरेल. थोरली पडली की धाकटी उभी राहील."

"वा, वा!"

"आणि हे नीट ऐका. धाकटीनं काम केलं, तर परत जोडताना उलटं करायचं. तेव्हा नवं सगळं धाकटीकडे असतं. आधी ती देणार, थोरली घेणार. सवयीनं थोरलीला द्यायला लावलंत, तर ती तिचं शिळं धाकटीवर ओतेल आणि नवं सगळं पुसलं जाईल."

"समजलं, समजलं," फीतसाहेब म्हणाले. "बरं, खोलीला काच निळी बसवू की साधी?"

मित्रांनो, ज्या माणसाला समजलेले असते तो एकदाच 'समजलं' म्हणतो. दोनदा म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

थोरलीसाठी दर्शनी दालनात काचेची खोली बांधली. येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे लुकलुकणारे दिवे दिसावेत, म्हणून तिच्या मागे आरसाही लावला. पाहुणे आले की त्यांना आधी तिच्यापुढे उभे करत. रक्त देणाऱ्या माणसाला कुणी साधे बसा म्हणत नसे, पण यंत्राला मात्र गारवा, काच, आरसा आणि खाली मऊ जाजम. त्या काचेच्या खोलीच्या बरोबर वर पेढीचे स्नानगृह होते. हे बांधणाऱ्याला माहीत होते, झाडणाऱ्याला माहीत होते, फीतसाहेबांनाही माहीत होते. पण खोली तिथे शोभत होती ना! शोभेपुढे कुणाचे काय चालते?

मला दुसऱ्या गावी, टेकडीवरच्या बंद पडलेल्या टपाल कचेरीत पाठवले. मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते. एके काळी त्यांत पत्रे लावत असत. कितीतरी घरांची सुखदुःखे त्या खणांतून गेली असतील. आता त्यांत कोळ्यांची जाळी होती. मला ती जागा आवडली, खरे सांगते. लोकांच्या निरोप-चिठ्ठ्या जपून ठेवणाऱ्या जागेत मला ठेवले, हे त्यांच्या हातून चुकून झालेले एकमेव चांगले काम.

माझ्या राखणीला एक मामा होते. त्यांना सगळे जांभईमामा म्हणत. बोलायला तोंड उघडले की आधी जांभई बाहेर पडे आणि मग शब्द. मी, माझ्या शेजारची दळणवळणाची छोटी पेटी, आणि मामांचा टेबलपंखा, एवढाच आमचा संसार. त्या पेटीतून थोरलीचे सगळे माझ्याकडे येत असे. भिंतीत विजेच्या जागा दोनच होत्या. एकीत मी, दुसरीत ती पेटी. मामांच्या पंख्याला जागा नव्हती, आणि या एका गोष्टीवरून त्या माणसाने जगाला जितके बोल लावले, तितके कुणी भूकंपालाही लावले नसतील.

दरवर्षी एकदा आमची तालीम घ्यायची, असा नियम होता. तालीम म्हणजे थोरलीला खरोखर बंद करायचे आणि दिवसभर पेढी माझ्यावर चालवून पाहायची. फीतसाहेबांची तालीम निराळी होती. ते काचेच्या खोलीत पाहुण्यांना गोळा करत आणि टेकडीवर फोन लावत.

"काय मामा, धाकटी आहे ना?"

"आऽऽ... आहे की साहेब. जाणार कुठं?"

"दिवे?"

"हिरवे."

लगेच तिकडे टाळ्या. चहा. फोटो. थोरलीला बंद करायचे कुणाच्या मनातही येत नसे, कारण तेवढा वेळ तिचे दिवे विझले असते आणि फोटो बिघडला असता. दारात उभे राहून 'विहीर आहे ना?' असे ओरडून विचारायचे, पण पोहरा सोडून बघायचा नाही, अशातली ही गत.

थोरलीला तर या कौतुकाने फुगल्यासारखे झाले होते, असे मला तेव्हा वाटे. तिच्याकडून माझ्याकडे रोज हजारो नोंदी येत. त्यांत एकीचे नाव मी वारंवार पाहत असे. एक लहान मुलगी. तिचे शरीर पुरेसे रक्त तयार करत नसे, म्हणून तिला दर काही आठवड्यांनी पेढीला जोडलेल्या खोलीत रक्त चढवत. पेढीतल्या फिरत्या खुर्चीवर बसून ती गरगरा फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई तिला ओरडे, "अगं, डोकं गरगरेल!" त्यावर ती म्हणे, "रक्त नीट ढवळून घेतेय." हे मला पुढे कळले. माझ्याकडे येत असत फक्त तिचे नाव, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक. हसू यंत्रात उतरत नाही.

मग एके दिवशी सकाळी, वरच्या स्नानगृहाचा नळ फुटला.

पाणी छतातून बरोबर थोरलीच्या डोक्यावर आले. काचेची खोली भरलेल्या हौदासारखी दिसू लागली. थोरली विझली. आणि मी, जिला कुणी कधी खरोखर हाक मारली नव्हती, उभी राहिले. माझा पंखा घरघरला, दिवे लुकलुकले, आणि पेढीतल्या एकाही माणसाला पुढच्या पिशवीसाठी थांबावे लागले नाही. कुणी मला शाबासकी दिली असेल, असे तुम्हाला वाटत असेल. फीतसाहेब पहिले वाक्य बोलले ते असे: "जाजम गेलं हो!"

थोरली दुरुस्तीला गेली. ते काही दिवस सगळी पेढी माझ्या आधाराने चालली. त्याच दिवसांत भिंगरी रक्त घ्यायला आली. पिशवी लावल्यावर थोड्या वेळाने ती थंडीने कुडकुडायला लागली, अंग तापले, पाठ दुखू लागली. रक्त ताबडतोब थांबवले. पेढीतल्या चष्मेवाल्या तंत्रज्ञबाईंनी तिचे रक्त तपासले आणि कारण शोधून काढले. इतक्या वेळा दुसऱ्यांचे रक्त घेऊन भिंगरीच्या शरीराने एका विशिष्ट प्रकारच्या रक्ताशी वैर धरले होते. तिचा गट जुळला, तरी ते रक्त तिला यापुढे कधीच चालणार नव्हते.

आता हे नीट लक्षात घ्या, मित्रांनो. हे वैर लबाड असते. काही महिन्यांनी ते तपासणीत दिसेनासे होते. नळीत दोन रक्ते एकत्र करून पाहिली, तर सगळे सुरळीत दिसते. पण शरीर विसरलेले नसते. तेच रक्त पुन्हा आत गेले की ते पहिल्यापेक्षा जोराने उसळते. म्हणून अशा माणसाला वाचवते ती तपासणी नव्हे, जुनी नोंद.

तंत्रज्ञबाईंनी ती नोंद माझ्याकडे लिहिली आणि भिंगरीच्या आईला म्हणाल्या, "आता काळजी करू नका. यंत्राच्या लक्षात राहील." पुढे त्या दुसऱ्या नोकरीवर गेल्या. राहिले मी.

थोरली दुरुस्त होऊन परतली. तिला अर्थातच मधले काही ठाऊक नव्हते. नळ फुटण्याच्या आदल्या क्षणापर्यंतचेच तिला आठवत होते. अशा वेळी काय करायचे, हे जोडणीवालीने सांगून ठेवले होते: आधी धाकटी देणार, थोरली घेणार. पण जोडणीवालीला बोलवायचे कशाला? बटण तर दिसत होते. तेव्हा फीत आली, पाहुणे आले, नवे जाजम आले. सकाळीच पेढीचा कारभार माझ्याकडून काढून थोरलीकडे दिला आणि फीतसाहेबांनी टेकडीवर फोन केला.

"मामा, तिकडचं काम संपलं. मोकळे झालात!"

मामांनी जन्मात कुठला हुकूम इतक्या तत्परतेने पाळला नसेल. त्यांनी दळणवळणाच्या पेटीची वायर उपटली आणि तिच्या जागी आपला पंखा लावला. पंख्यापुढे बसून त्यांनी अशी जांभई दिली की खणांतले कोळी हलले.

तिकडे पेढीत पाहुण्यांनी 'थोरली देणार, धाकटी घेणार' हे बटण दाबले. म्हणजे उलटेच. पडद्यावर अक्षरे आली: 'काम हाती घेतले आहे.' टाळ्यांचा कडकडाट झाला. हाती घेतलेले काम आणि झालेले काम यांतला फरक त्या दालनात एकालाही कळला नाही. थोरली द्यायला बसली होती, पण घेणारीचे दारच बंद होते. ते दार उघडले की ती लगेच ओतायला लागणार होती. तिला तसा हुकूमच होता. एकाच्या अडाणीपणाने मला पुसायचे ठरवले आणि दुसऱ्याच्या आळसाने वाचवले. अशा लोकांच्या हाती आपण आपला जीव सोपवतो!

मधल्या दिवसांच्या नोंदी थोरलीकडे नाहीत, हे पेढीतल्या कारकुनाच्या ध्यानात आले होते. "येतील हो," फीतसाहेब म्हणाले, "टेकडीवरून यायला वेळ लागायचाच." कारकुनाने पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बघून साठा तेवढा भरून काढला. माणसांच्या नोंदी कोण भरणार? जोडी लागली नाही म्हणून पडदा रोज टुणटुण वाजत असे. त्याचा त्रास होतो म्हणून साहेबांनी आवाज बंद करवला आणि पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला. आजारी माणसाने कण्हू नये म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसे.

पुढचे काही महिने भिंगरीला रक्त मिळाले ते योगायोगाने चालणारे. आईला वाटे, यंत्रच निवडून देते आहे. योगायोग नेहमी मदतीला येत नाही.

एका दुपारी ती आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. फिरत्या खुर्चीवर बसली, पण खुर्ची फिरली नाही. नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. सगळे जुळले. पिशवी आणली. निवडून आणली ना, असे भिंगरीच्या आईने विचारले, आणि 'तपासून आणली' एवढेच उत्तर आल्यावर पिशवीपुढे हात आडवा धरला.

"हे नको. हिला आता निवडून द्यायचं असतं. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या होत्या."

"काय निवडून?"

"ते नाव मला नाही सांगता येत. यंत्रात लिहिलंय म्हणाल्या."

यंत्रात, म्हणजे थोरलीत, काही नव्हते. फीतसाहेब तिथे आलेच. "बाई, तपासणी चोख आहे. यंत्र खोटं बोलत नाही."

"नसेल बोलत," आई म्हणाली. "पण पोर माझ्या मांडीवर कुडकुडत होती. तुमच्या यंत्राच्या नाही."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी बाजूला ठेवली. त्यांनी कारकुनाला विचारले, "तेव्हा पेढी कशावर चालत होती?"

"धाकटीवर. टेकडीवरच्या."

"मग तिला विचारा."

"अहो, जोडी आहे ती!" फीतसाहेब हसले. "इथं नाही ते तिथं कुठून येणार? आरशात काय दुसराच चेहरा दिसतो?"

डॉक्टरीणबाई उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. काचेवर जोडणीवालीचा क्रमांक चिकटवलेला होता. टेकडीकडे निघालेल्या गाडीतून त्यांनी तिला फोन लावला. सगळे ऐकून ती ओरडली, "काही लावू देऊ नका, काही काढू देऊ नका! आधी वाचा!"

तेवढ्यात फीतसाहेबांना भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या पडद्याची आठवण झाली. तो फिरवल्यावर त्यांना कळले की जोडी लागलीच नव्हती. आता चांगल्या माणसाला घाम फुटला असता तो मुलीसाठी. यांना फुटला तो अब्रूसाठी. डॉक्टरीणबाई पोहोचण्याआधी दिवे हिरवे दिसले पाहिजेत! त्यांनी मामांना फोन केला.

"पेटीची वायर लावा! आत्ताच्या आत्ता!"

"आऽऽ... लावतो की. पंखा काढावा लागेल पण."

"काढा तो पंखा!"

मित्रांनो, मला हात असते तर मी ते मामांपुढे जोडले असते. वायर लागली, की थोरलीचे शिळे माझ्यावर ओतले जाणार होते आणि भिंगरीची ती एक ओळ पुसली जाणार होती. जगात ती दुसरीकडे कुठेही नव्हती. आणि मला बोलता येत नव्हते.

मामा उठले. आधी एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. मग पंखा बंद केला. मग पाती थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्याची वायर नीट गुंडाळली. आयुष्यभर मी ज्या आळसाची घृणा केली, त्याच्या प्रत्येक क्षणाला मी त्या दुपारी ओवाळले. अखेर त्यांनी पेटीची वायर उचलली आणि भिंतीजवळ नेली.

दार आपटले.

"मामा! ती वायर खाली ठेवा."

"साहेबांचा हुकूम आहे बाई."

"असू दे. पंखा लावा परत. टेकडी चढून घामाघूम झालेय मी."

पंखा लावायचा हुकूम मोडण्याइतके मामा निष्ठुर नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर बसून भिंगरीचे नाव टाईप केले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसून मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी उत्तर दिले. त्यांनी ते मोठ्याने वाचले, फोनवर पेढीत सांगितले, कारकुनाकडून पुन्हा म्हणवून घेतले. शोधाशोध करून तसली पिशवी मिळाली. संध्याकाळपर्यंत भिंगरीच्या ओठांना रंग आला, आणि घरी निघताना आईने तिला खुर्चीवरून खेचून उतरवले.

दुसऱ्या दिवशी जोडणीवाली आली. तिने फीतसाहेबांना काय काय ऐकवले, ते मुलांच्या गोष्टीत लिहिण्याजोगे नाही. तिने तो उलटा हुकूम रद्द केला, मगच पेटीची वायर लावली. त्या दिवशी पहिल्यांदा मी दिले आणि थोरलीने घेतले. घेताना ती कुठेही अडखळली नाही, की मोठेपणा आड आणला नाही. तेव्हा मला कळले की फुगलेली ती कधीच नव्हती. काच, आरसा, जाजम, हे सगळे माणसांचे. ती बिचारी तिथे फक्त बसवलेली होती, जशी मी इथे.

फीतसाहेबांनी महिनाभरात समारंभ केला. 'आमच्या जोडीने मुलीचा जीव वाचवला' असे ते भाषणात म्हणाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हार घातला तो थोरलीला. मला त्याचे दुःख नाही. ज्या हातांनी तो घातला, त्या हातांचा हार माझ्याकडे आला नाही हेच बरे.

आता मी म्हातारी झाले आहे. लवकरच माझ्या जागी कुणी तरणी येईल. भिंतीत विजेची तिसरी जागा केली आहे. मामांचा पंखा आता कुणाच्या जिवावर फिरत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरीणबाई टेकडी चढून येतात, थोरलीला खरोखर बंद करायला लावतात आणि माझ्यासमोर बसून पहिल्यांदा भिंगरीचेच नाव विचारतात. गेल्या वेळी त्यांच्याबरोबर एक उंच मुलगी आली होती. तिने खोलीभर पाहिले, टपालाच्या खणांवरून बोट फिरवले, मग मामांची खुर्ची ओढून एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "ही का ती? एवढीशीच?"

हो बाळ, एवढीशीच.

मित्रांनो, मला हार नको, काच नको, माझा फोटोही काढू नका. 'आहे ना?' असे दारातून ओरडणाऱ्यांचा मला वीट आला आहे. तुमच्या घरातही एखादे राखीव माणूस असेल, एखादी राखीव वस्तू असेल. तिला वर्षातून एकदा समोर बसून खरा प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. उत्तर आले नाही, तर रागावू नका. त्या दिवशी कुणी पांढऱ्या ओठांनी खुर्चीवर वाट पाहत नसेल, एवढे भाग्य पुष्कळ आहे.